कंगव्याचा सतरावा दात

३ ऑगस्ट २०२५, रविवार
शनिवार पेठ, पुणे

अभिनव,

‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं आणि खोडलं. नमस्कार तू घेणार नाहीस आणि सप्रेम म्हणायला मला तोंड नाही, म्हणून नुसतं नाव. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, ईमेल उघडत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. अक्षर लागलं नाही तर तनुजाकडून वाचून घे. शाळेत शिकवते म्हणे आता, तिला गिचमिड वाचायची सवय झाली असेल.

सोबत तुझ्या एम.एस्सी.च्या मूळ गुणपत्रिका आहेत. तनुजाचा गुरुवारी फोन आला होता, की त्या संस्थेच्या ऑफिसात अडकल्या आहेत आणि दादा स्वतः मागायला तयार नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, विद्यार्थ्याने समक्ष यावं. मी म्हटलं, ज्याला तुम्ही विद्यार्थी म्हणून काढून टाकलंत तो विद्यार्थी म्हणून समक्ष कसा येणार? त्यांनी किल्ल्या काढल्या आणि कपाट उघडलं. प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवते आहे, भिजू देऊ नकोस.

तनुजाने आणखीही काही सांगितलं. कारंज्यात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतोस, मुलं खूश आहेत, हे ऐकून बरं वाटलं. मग ती म्हणाली की गेल्या सर्वपित्रीला काकांच्या, तुझ्या बाबांच्या, श्राद्धाला तू बसलाच नाहीस. तुझ्या चुलत्यांना, भीमरावांना, बसवलं आणि तू त्या दिवशी मुद्दाम जादा तास घेतलास. यंदा एकवीस सप्टेंबरला अमावास्या आहे आणि तुझ्या आईने आतापासूनच धास्ती घेतली आहे. तू आईला म्हणालास, ‘बाबा जात होते तेव्हा मी बाहेर बाकावर बसून फाइल चढवत होतो. माझ्या हातचं पाणी त्यांना कशाला पोचेल?’

हे तिने सहज सांगितलं, घरची गोष्ट सांगावी तसं. मी ‘हो का’ म्हणाले आणि दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

लॅबमध्ये सगळं आहे तिथेच आहे. तू त्या दिवशी लॅबच्या सपाता घालूनच निघून गेलास, त्यामुळे तुझ्या बाहेरच्या चपला दाराशी रॅकवर अजून आहेत. आपले शिपाई पोपटराव दर सोमवारी त्या झटकतात आणि परत ठेवतात. मी एकदा म्हटलं, टाकून द्या. ते म्हणाले, माणूस पायात दुसरं घालून गेलंय म्हणजे यायचंय त्याला.

परवा भर दुपारी लेझर जुळवायला दिवे बंद केले होते. फायबरचं टोक बसत नव्हतं. मी अंधारात म्हटलं, ‘थोडं डावीकडे घे.’ आणि थांबले, तू घेशील म्हणून. चांगलं अर्धं मिनिट थांबले, अभिनव. मग दिवे लावले आणि बाहेर जाऊन बसले.

श्राद्धाला बस. एवढंच लिहायचं होतं.

नम्रता

---

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार
पुणे

अभिनव,

स्पीड पोस्टच्या वेबसाइटवर ‘मिळाले’ असं आलं आहे. म्हणजे पाकीट तुझ्या हातात आहे आणि तू काही लिहिणार नाहीस. ठीक आहे. बोलायचं काम पूर्वीही माझंच असायचं, तू नुसता ‘काऊन वं, दमली नाही का’ म्हणायचास.

आज थोडं तनुजासाठी आणि तुझ्या आईसाठी, काकूंसाठी लिहिते. तुझ्यावर नेमका काय आरोप होता हे त्यांना कुणी धड सांगितलं नसणार, आणि तू तर नाहीच सांगणार.

एका रंगाचा लेझर घ्यायचा. तो एका काचेसारख्या स्फटिकातून न्यायचा आणि त्या स्फटिकाला सेकंदाला पंचवीस अब्ज वेळा विजेने डोलवायचं. त्याला मॉड्युलेटर म्हणतात. मग बाहेर एकच रंग येत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नवे रंग उभे राहतात. पडद्यावर कंगव्याच्या दातांसारखे दिसतात, म्हणून त्याला कंगवाच म्हणतात. एका लेझरमधून चाळीस लेझरचं काम होतं. सगळी मारामारी एवढ्यासाठी, की दात सारख्या उंचीचे यावेत. काकू एकदा पुण्याला आल्या होत्या तेव्हा तू त्यांना पडद्यासमोर उभं करून हे दाखवलं होतंस. त्या म्हणाल्या, एवढ्या मोठ्या यंत्रातून एक फणी काढली, त्यातही दात पडलेले. तू तीन दिवस हसत होतास.

तू तो कंगवा खऱ्या यंत्रावर काढायचास. मी कॉम्प्युटरवर. माझ्या प्रोग्राममध्ये लेझर, मॉड्युलेटर, वीज सगळं आकड्यांत. तिथे काहीच तापत नाही, काहीच सरकत नाही, म्हणून माझे दात नेहमी एका रेषेत. फार देखणे दिसू नयेत म्हणून मी त्यात खोटा गोंगाट मिसळायचे. पडद्यावर दातांच्या मुळाशी जे गवत दिसतं ते. पण कॉम्प्युटरचा गोंगाटसुद्धा ठरलेला असतो. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, सीड म्हणतात त्याला. आकडा तोच ठेवला तर गवत दर वेळी तंतोतंत तेच उगवतं. चुका शोधताना बरं पडतं म्हणून मी तो कायमचा बसवून टाकला होता. ४११०३०. आमच्या घराचा पिनकोड. काढायचा राहून गेला.

तर आपल्या संशोधनाच्या पेपरात दोन चित्रं महत्त्वाची होती. दुसरं माझं, सिम्युलेशनचं. पाचवं तुझं, प्रयोगाचं. छापून आल्यावर चार महिन्यांनी परदेशातल्या कुणा वाचकाने दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिली. गवत एकच होतं. सतराव्या दाताच्या उजवीकडे तीन टोकं, मधलं बुटकं, दोन्हीत. खऱ्या यंत्रातला गोंगाट दोनदा सारखा येत नाही. म्हणजे प्रयोगाच्या जागी सिम्युलेशनची फाइल टाकली गेली होती. म्हणजे प्रयोग करणाऱ्याने बनवाबनवी केली. संस्थेच्या चौकशी समितीला एवढं पुरलं.

ती तीन टोकं माझा पिच्छा सोडत नाहीत. सीड बदलून वर्ष झालं, आता गवत वेगळं येतं, तरी माझी नजर आधी सतराव्या दाताकडे जाते. फोनवर बोलताना वर्तमानपत्राच्या कडेला हात आपोआप तेच काढतो. आईने परवा विचारलं, हे काय सारखं काढत असतेस, मधला डोंगर बुटका का? मी म्हटलं, येतोच तसा.

अमावास्येला अजून चाळीस दिवस आहेत.

नम्रता

---

२४ ऑगस्ट २०२५, रविवार
पुणे

अभिनव,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. सहाव्यांदा वाचून झाल्या.

‘सीडचं मला सांगू नकोस, मीच तुझा प्रोग्राम शंभरदा चालवला आहे,’ हे बरोबर. ‘फाइल मी टाकली आणि तसं लिहून दिलं आहे. ती दुपार मला रोज दिसते. बाक, मांडीवर लॅपटॉप, समोर ऑक्सिजनचे सिलिंडर. पाच वाजून चार मिनिटांनी फाइल चढली, मान वर केली तर सिस्टर बोलावत होती. आत पोचलो तोवर संपलं होतं. पुन्हा लिहू नकोस.’

मागच्या पत्रात मी ‘टाकली गेली’ असं लिहिलं होतं. पेपर लिहून लिहून ही भाषा अंगात मुरते: मोजमाप घेतले गेले, निष्कर्ष काढला गेला. करणारा माणूस वाक्यात कुठे दिसत नाही. आता नीट लिहिते.

ती फाइल तू टाकली नाहीस. मी टाकली.

चौदा ऑक्टोबर २०२३, शनिवार. सुधारित पेपर पाठवायची मुदत पृथ्वीवर सगळीकडे तेरा तारीख संपेपर्यंत होती, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी पाच एकोणतीस. तू तीन दिवस अमरावतीला हॉस्पिटलात होतास. आपले गाइड आमोद सर दिल्लीला. लॅबमध्ये मी एकटी. आपली पद्धत तुला माहीत आहे, तनुजासाठी सांगते: प्रयोगाचं चित्र हातात येईपर्यंत त्या जागी सिम्युलेशनचं चित्र ठेवायचं, म्हणजे मजकूर आणि चित्रांचे नंबर बसवता येतात. वर लाल अक्षरांत ‘बदलायचे’ लिहायचं. पाचव्या चित्राच्या जागी माझंच चित्र होतं. त्या घाईत ते तसंच राहिलं आणि पेपर गेला. पेपर सरांच्या खात्यातून जायचा आणि त्याचा पासवर्ड तिघांनाही माहीत होता, त्यामुळे पाठवलं कुणी हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता.

आता पुढचं. पुढचं जास्त वाईट आहे.

गेल्या वर्षी जुलैत समितीचं पत्र आलं तेव्हा आपण कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. तू म्हणालास, मला त्या दोन दिवसांतलं काही आठवत नाही, धुकं आहे नुसतं. मी म्हणाले, ‘अरे, तूच नाही का हॉस्पिटलमधून पाठवलंस? फोन केला होतास की मला, बाकावर बसलोय, हॉटस्पॉट लावतो म्हणून.’ फोन तू केला होतास, हे खरं. बाकावरून, हेही खरं. पण दुपारी तीन चाळीसला, आणि फक्त तुझी फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगायला. हॉटस्पॉट माझ्या पदरचा.

तू म्हणालास, ‘असेल.’ दुसऱ्या दिवशी म्हणालास, ‘हो, मीच.’ आणि तिसऱ्या दिवशी समितीसमोर तू सिलिंडरसुद्धा सांगितलेस. मी शेजारच्या खुर्चीवर होते. तू न घडलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसकट सांगत होतास. तेव्हा उठून बोलायचं होतं. तोंड उघडलंही. समितीतल्या एकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांना वाटलं मला रडू येतंय. मी पाणी प्यायले.

मला वाटलं होतं तुला ताकीद देतील आणि सोडतील. वडील गेलेल्या मुलाला काय करणार? पीएच.डी.ची नोंदणीच रद्द करतील असं वाटलं नव्हतं. ही सबब नाही, नुसतं काय वाटलं ते सांगते.

तू फाइल चढवत नव्हतास. आता तरी बस श्राद्धाला.

नम्रता

---

७ सप्टेंबर २०२५, रविवार
पुणे

अभिनव,

कालच्या विसर्जनाचे ढोल अजून कानात आहेत. आई म्हणते, बहिरी झालीस का, दोनदा हाक मारली.

सोमवारी आमोद सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘नम्रता, पेपर मागे घेतला, मुलगा गेला, विषय मिटला. आता आपण नको ते उकरून काढताय, आणि आपल्याला आत्ताच काढायचं सुचलं याचं मला कौतुक वाटतं.’ सर चिडले की ‘आपण’वर येतात, तुला माहीत आहे. मी म्हटलं, सर, मी लेखी देणार आहे. ते म्हणाले, द्या, आणि जाताना दार लावून घ्या.

बुधवारी समितीला दिलं. अडीच पानं. पोच घेतली आहे, तिची प्रत सोबत. त्यांनी सांगितलं की प्रकरण पुन्हा उघडायचं तर तू लिहून दिलेली कबुली तुला आधी मागे घ्यावी लागेल, तसं पत्र ते तुला पाठवतील. गुरुवारी माझं लॅबचं कार्ड बंद झालं. दाराशी उभी राहिले तर लाल दिवा. पोपटरावांनी आतून माझा डबा आणि छत्री आणून दिली.

ती अडीच पानं लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. तुझ्याही आली असेल, तू असल्या गोष्टी सोडत नाहीस. मी तुला लिहिलं की चित्र घाईत तसंच राहिलं. घाईत राहिलेल्या चित्रावर लाल अक्षरं राहिली असती. छापलेल्या पेपरात ती नव्हती.

तेव्हा आणखी एकदा लिहिते, आणि या वेळी काही मागे ठेवत नाही.

तू तीन चाळीसला फोनवर सांगितलंस, बावीस सप्टेंबरचा फोल्डर, तिसरी फाइल. मी ती उघडली. चांगली होती, अभिनव. चाळीसपैकी अडतीस दात अगदी जागच्या जागी. मधले दोन खचलेले, पाच-सहा डेसिबलने. मॉड्युलेटर तापला की व्होल्टेज सरकतं, तू मला दहा वेळा सांगितलं होतंस, आणि मी दहा वेळा म्हणाले होते की प्रोग्राममध्ये तर सरकत नाही. पेपरात आधीच लिहून ठेवलं होतं की दातांच्या उंचीत एक डेसिबलहून जास्त फरक नाही. तुझी फाइल लावायची तर सारांश बदलायला हवा, दोन परिच्छेद बदलायला हवेत, सरांना फोन लावून विचारायला हवं. तास-दीड तास होता माझ्याकडे. जमलं असतं. मी चहा केला. चहा पिताना स्वतःला सांगितलं की पुढच्या आठवड्यात अभिनव परत येईल, यंत्र थंड ठेवून पुन्हा मोजेल, तेव्हा छापायच्या आधी बदलून टाकू. आणि लाल अक्षरं पुसली. चित्राखालचा ‘सिम्युलेशन’ शब्द काढून ‘प्रयोग’ लिहिला. माझ्या हाताने, एकेक अक्षर.

पुढच्या आठवड्यात तू दाढी-डोकं करून बसला होतास. तुला मोजमाप करायला कुठल्या तोंडाने सांगणार? नंतर पेपर स्वीकारला गेला, सरांनी पेढे आणले, आणि त्या पेपरावर मला इथे नोकरी मिळाली. पेढा मीही खाल्ला.

तुझा कंगवा खरा होता. दोन दात पडलेले, पण खरा. समितीला तो फोल्डरही दिला आहे.

नम्रता

---

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार
पुणे

अभिनव,

तुझं दुसरं पत्र आज मिळालं. आठवडाभर मी जिन्यात पोस्टमनची वाट बघत बसायचे, आई म्हणाली लग्नाच्या वयात असं बसली असतीस तर बरं झालं असतं.

तू माझ्यावर ओरडशील अशी तयारी केली होती. तू लिहितोस, ‘नम्रता, तू चांगली आहेस. दोन दात खचले होते हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी तुझं चित्र लावलं असणार. मला सोडवायला स्वतःला अडकवू नकोस. कुणी कितीही सांगितलं तरी मला जे दिसतं ते दिसतं. तू पत्रात लिहिलंस म्हणून मी आत नव्हतो तो आत कसा होईन? समितीला मी काही लिहिणार नाही. श्राद्धाचं तर बोलूच नकोस.’

हे वाचून मी जिन्यातच बसून राहिले. मी तुझी पदवी घेतली हे मला ठाऊक होतं. ती परत करता येईल असं समजून ही सगळी पत्रं लिहिली. मी खरं काय घेतलं आहे ते आज नीट कळलं, आणि ते परत देणारी एक गोष्ट ठाऊक असूनही मी चार पत्रांत लिहिली नाही. लाजेने लिहिली नाही. चित्र बदलल्याची लाज कमी आहे, याची जास्त आहे.

पाच वाजून चार मिनिटांनी पेपर गेला. पाच वाजून सहा मिनिटांनी मी तुला फोन केला. काम झालं हे सांगायला. माझ्या जुन्या फोनमध्ये तो कॉल अजून आहे. तारीख, वेळ आणि तुझा नंबर दिसेल असा फोटो छापून सोबत जोडला आहे. अठ्ठेचाळीस सेकंद.

फोन तू उचलला नाहीस. एका बाईंनी उचलला. मी म्हटलं, अभिनवला द्या. त्या म्हणाल्या, मी वॉर्डातली मावशी, फोन इथं टेबलावर ठेवला आहे, आत न्यायची परवानगी नाही. मी म्हटलं, मग बोलवा त्याला, महत्त्वाचं आहे. त्यावर त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. दोन वर्षं झाली, रोज ऐकते.

‘थे आतमंदी हायेत, बापापाशी. बापानं हात धरून ठेवला त्यायचा, सोडूनच नाही राह्यला. डाक्टर म्हणे, राहू द्या त्याले.’

तनुजा आणि काकू तेव्हा कारंज्याहून निघून अजून वाटेतच होत्या, म्हणून त्यांना हे माहीत नाही. त्या खोलीत तू होतास आणि काका होते. तुला धुकं आहे आणि काका सांगायला नाहीत. तेव्हा तू कुठे होतास हे आपल्या माणसांत माहीत असलेली, पुण्यातून फोन करणारी मी एकटीच. आणि मी जुलैत कट्ट्यावर बसून तुला सांगितलं की तू बाहेर होतास.

तुझा फोन त्या मावशींच्या टेबलावर होता. फोनशिवाय हॉटस्पॉट कसला लावणार होतास? हे तू तुझ्या बारावीतल्या पोरांनाही विचार, सांगतील. बाक आणि सिलिंडर तुला दिसतात ते तीन चाळीसचे. तेव्हा लॅपटॉप खरंच मांडीवर होता. तो तू मिटलास, फोन बाहेर ठेवलास आणि आत गेलास.

अजून एक वाक्य राहिलं. मावशींनी विचारलं, काही निरोप आहे का? समोरच्या माणसाचा बाप जातो आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हटलं, ‘त्यांना सांगा, पाच चारला फाइल चढली, काम झालं.’ त्या बिचाऱ्या बाईंनी आत जाऊन तुला ते सांगितलं असणार. मृत्यूच्या दाखल्यावर पाच दहाची वेळ लिहिली आहे. तुझा हात काकांच्या हातात होता आणि तुझ्या कानात कुणीतरी फाइल चढल्याचं सांगत होतं. तुझ्या डोक्यात ती दोन्ही एकत्र कशी आली, ते त्या निरोपामुळे. तो माझा निरोप होता.

मला माफ करू नकोस. समितीला लिही, लिहू नकोस, तुझी मर्जी. माझी नोकरी गेली तर जाईल, आईचं पेन्शन आहे आणि मला ट्यूशन घेता येतात. तुझ्याशी कारंज्यात स्पर्धा करायला येणार नाही, एवढं नक्की.

हे पत्र आजच स्पीड पोस्टने टाकते. गुरुवारपर्यंत पोचेल, अमावास्या रविवारी आहे. मावशींचं बोलणं काकूंना वाचून दाखव, त्यांनी ते कधीच ऐकलेलं नाही.

तू आत होतास, अभिनव. काकांनी तुझा हात सोडला नव्हता.

नम्रता